जाड प्लग आणि तिसरा मजला

ओल्टन, शनिवार, ७ ऑक्टोबर

प्रिय एर्नामावशी,

पोचले गं एकदाची. ब्रेमेनहून इथवर दोनदा गाडी बदलली आणि दोन्ही वेळा त्या पाठपिशवीने खांदा मोडायची पाळी आणली. किल्ली पहिल्या फटक्यात लागली. झाडांना पाणी घातलं. फ्रिजमधल्या चीजबद्दल काही विचारू नकोस, मी ते पिशवीत बांधून खाली टाकून आले आणि नंतर सगळ्या खिडक्या उघडल्या.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला तू "बरं, बरं" म्हणतेस, म्हणून माझा बेत इथे नीट लिहिते. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तिथे केंद्रात तुला पुन्हा चालायला शिकवतायत, ते ठीक. पण डॉक्टर म्हणतात, जिने बंद. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. म्हणजे एक तर जिन्याच्या कडेने ती सरकती खुर्ची बसवायची, नाही तर तू वृद्धाश्रमात. दुसरं मी होऊ देणार नाही. खुर्चीला सगळ्या फ्लॅटमालकांनी हो म्हणायला हवं. त्यांची सभा २७ तारखेला आहे. मागच्या सभेत निम्म्यांनी नाकं मुरडली होती, की जिना अरुंद, खुर्ची आली तर माणसाने जायचं कुठून?

कुठून ते मी दाखवणार आहे. न बांधलेल्या गोष्टी बांधल्यासारख्या दाखवणं हाच तर माझा पोटापाण्याचा धंदा. आज जिन्याचे सगळ्या कोपऱ्यांतून फोटो काढले. आता लॅपटॉपवर हुबेहूब जिना उभा करायचा, खुर्ची वरखाली फिरवायची, शेजारून पहिल्या मजल्यावरच्या काडुफबाई धुण्याची टोपली घेऊन ऐटीत उतरताना दाखवायच्या, आणि ती फिल्म सभेत लावायची. बघू मग कोण नाही म्हणतो!

पण एक घोळ झालाय. माझ्या लॅपटॉपचा प्लग तुझ्या घरात कुठेच जात नाही. लहानपणापासून येतेय इथे, फोन, दातांचा विजेचा ब्रश, सगळं लागायचं, म्हणून मनातसुद्धा आलं नाही. आणि आज बघते तर जर्मन प्लग जाडजूड, गोल, आणि तुमची स्विस सॉकेटं खोल, षटकोनी, नाजूक. अॅडॅप्टर लागणार. त्याशिवाय बॅटरी तासभर पुरते, कारण हे यंत्र साधं नाही, वीज खाणारा भस्म्या आहे. त्याचा चार्जरच विटेएवढा. उद्या रविवार, सगळं बंद. सोमवारी बघते.

तू धीर धर. नाताळला आपण दोघी तुझ्याच स्वयंपाकघरात असू.

तुझी फ्राउके


पुनर्वसन केंद्र, सोमवार, ९ ऑक्टोबर

फ्राउके, बाळा,

तुझं पत्र सकाळी नाश्त्याच्या ताटाबरोबर आलं आणि माझं अंडं गार झालं. खुर्चीचं वाचलं. तू फार दगदग करून घेऊ नकोस.

पण ते प्लगचं काय, ते मला नीट सांग. फोनचा जातो आणि लॅपटॉपचा जात नाही, असं कसं? दोन्ही तुमच्याकडचेच ना? की फोनचा प्लग इकडच्यासारखाच असतो? आणि नुसता जाड आहे म्हणून जात नाही, की काड्यांमधलं अंतरच वेगळं? तुझे काका होते तेव्हा त्यांनी जर्मनीतून एक टोस्टर आणला होता, त्याचं काय केलं होतं कोण जाणे. मी टोस्ट खायची, प्लगकडे कोण बघतंय. आता दिवसभर बघत बसलेय. माझ्या खोलीत पाच सॉकेटं आहेत. एक पलंगाच्या मागे इतकं खाली आहे की नर्सबाई सोडून कोणाला दिसणार नाही. त्या म्हणाल्या, "फ्लुकिगरबाई, काय शोधताय?" म्हटलं, भोकं मोजतेय. त्यांनी लगेच माझा ताप बघितला.

अॅडॅप्टर शेजारी कोणाकडे असेल तर माग. काडुफबाई तोंडाने फटकळ आहेत, मनाने नाहीत. तळमजल्यावरच्या ओडरमाटांची घंटी मात्र वाजवू नकोस. कपडे सुकवायच्या यंत्राच्या जाळीत कोणाचे धागे राहिले यावरून आमचं बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली. जिन्यात भेटले तर ते भिंतीकडे बघतात आणि मी छताकडे.

इथे बरं आहे. माझ्या खोलीचं दार थेट गवतावर उघडतं. सकाळी दव असतं.

तुझी मावशी एर्ना


ओल्टन, बुधवार, ११ ऑक्टोबर

मावशी,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, नाही तर तू सगळं केंद्र उकलून ठेवशील. फोनचा प्लग चपटा असतो, दोन बारीक काड्यांचा. तो जवळजवळ सगळ्या युरोपात जातो. लॅपटॉपचा जाड, कारण त्याला अर्थिंग लागतं, आणि तो प्रत्येक देशाने आपापल्या मर्जीने बनवलाय. आमच्या काड्या तुमच्या भोकांपेक्षा जाड, आणि प्लगचं अंग खळग्यात मावतच नाही. म्हणजे ढकलून, रडून, शिव्या देऊन उपयोग नाही. तिन्ही करून पाहिलं.

सोमवारी स्टेशनवरच्या दुकानातून एक छोटा अॅडॅप्टर आणला. दुकानदार म्हणाला, "यावर सगळं चालतं." त्याला लॅपटॉपची जाड वायर लागतच नाही, फोनची बारीक लागते. ती लावली. लॅपटॉपने विजेची खूण दाखवली, मी खूश. जिना उभा करायला बसले आणि बघते तर वीज चालू असताना बॅटरी उतरतेय! भस्म्याला हवेत तीनशे तीस वॅट आणि ते इवलंसं देतंय पासष्ट. हत्तीला बशीत पाणी.

काल दुसरा आणला, जगभर चालणारा, सरकवायच्या कळा असलेला. त्यात माझा प्लग बसला. लॅपटॉप गुरगुरत सुरू झाला. पण हात ठेवला की बोटांना मुंग्या येतात, त्याचं अंग धातूचं आहे ना. पडद्यावरचा बाण तर अंगात आल्यासारखा उड्या मारतो. मी खुर्ची पहिल्या मजल्यावर थांबवायला गेले आणि ती काडुफबाईंच्या भिंतीतून आरपार त्यांच्या न्हाणीघरात. कारण शोधलं: त्या अॅडॅप्टरला अर्थिंगच नाही. दोन काड्यांवर सगळं जग चालवायला निघालाय.

मग आज मोठ्या दुकानात गेले. मावशी, तिथे अॅडॅप्टरची भिंतच्या भिंत आहे! इंग्लंडला जायला, अमेरिकेला जायला, जपानला, ऑस्ट्रेलियाला. सगळे इथून बाहेर जाणाऱ्यांसाठी. बाहेरून इथे येणाऱ्यासाठी एकच खुंटी, आणि ती रिकामी. मी त्या पोराला म्हटलं, तुमच्याकडे पाहुणे येतात की नाही? तो म्हणाला, "येतात, पण ते घरून आणतात." पुढच्या गुरुवारी येईल म्हणे. म्हणजे सभेला जेमतेम आठवडा उरणार. माझी फिल्म त्या यंत्राला तयार करायलाच दोन-तीन दिवस सलग चालू ठेवावं लागतं.

काडुफबाईंकडे गेले होते. अॅडॅप्टर नव्हता. खुर्चीबद्दल म्हणाल्या, "बघू." म्हणजे नाही.

सॉकेटं मोजायला लागलीस, म्हणजे तिथे तुला किती कंटाळा येत असेल ते कळलं. अजून थोडेच दिवस.

फ्राउके


पुनर्वसन केंद्र, शुक्रवार, १३ ऑक्टोबर

फ्राउके, बाळा,

काल रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर तुझ्या अॅडॅप्टरशिवाय दुसरा विषयच नव्हता. टेबलावर आम्ही सहा जण. मी बहिरी, म्हणून सगळे माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलतात, आणि फारच अवघड असलं तर रुमालावर लिहितात. दोनातेल्ला म्हणून एक इटालियन बाई आहे, तिचं म्हणणं, इटलीत एकाच घरात तीन प्रकारची सॉकेटं असतात आणि नवरा-बायको त्यावरून भांडतात. सायकलवरून पडलेला एक इंग्रज आहे. तो म्हणाला, त्यांच्याकडे प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असतं. दोनातेल्लाने विचारलं, "का? विजेला झोप येते का?" तो इतका हसला की त्याची मोडलेली फासळी दुखली आणि आम्हा सगळ्यांना बोलणी बसली.

मग मी विचारलं, प्रत्येक देशाने भोकं वेगळी का पाडली? एकाने म्हटलं, दुसऱ्याचं यंत्र आपल्याकडे खपू नये म्हणून. दुसरा म्हणाला, कोणी कोणाला विचारलंच नाही म्हणून. मला दुसरं पटलं.

प्रत्येकाने आपापला अॅडॅप्टर काढून दिला. एका खोक्यात पाच पाठवतेय. एखादा तरी लागेल. इंग्रजाचा परत कर, त्याला दाढी करायची असते.

खुर्चीसाठी तू फार जिवाला लावून घेतेयस असं वाटतं. नाही जमलं तर जगबुडी नाही.

संध्याकाळी गवतावर खुर्च्या टाकून बसतो. इथून डोंगरापलीकडे जाणारी गाडी दिसते.

एर्ना


ओल्टन, सोमवार, १६ ऑक्टोबर

मावशी,

खोकं मिळालं. तुझ्या टेबलावरच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना सांग की पाचांपैकी एकही लागत नाही. दोन इथून इटलीला जायचे, एक इंग्रजाचा, त्यात फक्त त्यांचाच प्लग बसतो, एक कुठल्या देशाचा ते मला सांगता येत नाही, आणि पाचवा अॅडॅप्टर नाहीच, ती डास मारायची वडी ठेवायची डबी आहे. इंग्रजाचा उद्याच्या टपालाने परत करते.

पण काळजी करू नकोस. अॅडॅप्टर मिळाला! एका ठिकाणी मिळाला. राखाडी रंगाचा, जाड, अर्थिंगवाला, जर्मन प्लग गिळून टाकणारा. शनिवारी दुपारपासून यंत्र चालू आहे. बाण शहाण्यासारखा वागतो. मुंग्या गेल्या. जिना असा उभा राहिलाय की तू बघितलास तर कठडा पुसायला फडकं आणशील. खालून दुसरी पायरी थोडी फुटलीय ना, ती सुद्धा घेतलीय.

"नाही जमलं तर जगबुडी नाही" असं काय लिहितेस? तू हिंमत हरलीस तर मी कोणासाठी करतेय? मला तुझा आवाज त्या पत्रात ओळखू येईना. तू आणि हार मानणारी? खुब्याबरोबर हिंमत पण मोडली का? मी आहे ना. तुला तिथे सोडून मी जाणार नाही.

फ्राउके


पुनर्वसन केंद्र, बुधवार, १८ ऑक्टोबर

फ्राउके,

"एका ठिकाणी मिळाला." वा!

मी बहिरी झालेय, खुळी नाही. कपडे वाळवायच्या सामाईक खोलीत हवा कोरडी करायचं जुनं जर्मन यंत्र आहे. त्याच्या प्लगवर एक राखाडी अॅडॅप्टर असतो. शनिवारी काडुफबाईंचा धुण्याचा दिवस होता. त्यांनी पलंगपोस, उशांचे अभ्रे, नातवाची दुलई, सगळं वाळत घातलं, यंत्राची कळ दाबली, दार लावलं आणि लेकीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा सगळं ओलं ते ओलंच, वर खिडकीला घाम. पाळीने येणारा त्यांचा पुढचा दिवस दोन आठवड्यांनी. खाली फळ्यावर काय लिहिलंय तेही मला ठाऊक आहे: "ज्या व्यक्तीला सार्वजनिक यंत्राचे भाग खासगी वापरासाठी हवे असतात, त्या व्यक्तीने कृपया स्वतःच्या घरी अंधारात राहावे."

मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. सांगणार नाही.

बाळा, तू त्या घरात माझं नाव घेऊन राहतेयस. तिथे माणूस मेला तर चालेल, पण दुसऱ्याच्या धुण्याच्या दिवसाला हात लावलेला चालत नाही. आत्ताच्या आत्ता अॅडॅप्टर जागेवर ठेव. मग अक्रोडाचा केक घे, दुकानातला नको, चौकातल्या बेकरीतला, आणि काडुफबाईंच्या दारात जा. कारणं सांगू नकोस. "मी घेतला, चूक झाली" एवढंच म्हण. मग गप्प उभी राहा. त्या बोलतील. बोलू दे.

केक दोन घे. दुसरा तळमजल्यावर.

एर्ना


ओल्टन, सोमवार, २३ ऑक्टोबर

मावशी,

तू सांगितलंस तसंच केलं. तुझं पत्र वाचून आधी कान लाल झाले, मग केक आणायला गेले. मला वाटलं होतं, दोन दिवस वापरते, कोणाला कळणार? दोन तासांत सगळ्या इमारतीला कळलं होतं.

काडुफबाई दारात पाच मिनिटं बोलल्या. मी गप्प उभी. मग त्यांनी केककडे बघितलं, म्हणाल्या, "आमच्याकडे ग्राउब्युंडनमध्ये यात अक्रोड दुप्पट घालतात," आणि मला आत घेतलं. कॉफी दिली. मग विचारलं, "एवढं कोणतं यंत्र आहे तुझं, ज्याला माझी दुलई ओली ठेवावी लागते?" मी लॅपटॉप खाली आणला. बॅटरी तासभराची, म्हटलं, लवकर बघा. मावशी, त्यांनी स्वतःला जिन्यात टोपली घेऊन उतरताना बघितलं! तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "माझी कंबर इतकी नाही." मी कंबर कमी केली. मग म्हणाल्या, खुर्ची दुमडलेली असताना पुन्हा दाखव. पुन्हा दाखवली. त्यांनी उठून खरा जिना पट्टीने मोजला. माझं माप बरोबर निघालं.

त्या दिवसापासून रोज कोणी तरी दार वाजवतं. पहिल्या मजल्यावरचे सोआरेस नवराबायको बाबागाडी घेऊन आले, ती जिन्यात घालून दाखव म्हणाले. दोन नंबरच्या फ्लॅटमधले मास्तर विचारत होते, खुर्ची वीज किती खाते? म्हटलं, माझ्या लॅपटॉपपेक्षा कमी. लोकांना केवढी उत्सुकता असते गं! बोलत नाहीत, पण असते. मी इतकी वर्षं येते आणि या माणसांची नावं मला पितळी पाट्यांवरून माहीत होती.

दुकानातला अॅडॅप्टर गुरुवारी आला. स्वतःचा, हक्काचा. आता खाली जाऊन चोरासारखं बघावं लागत नाही.

ओडरमाटांकडे दुसरा केक दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फिल्म बघितली, शेवटपर्यंत. "काम चांगलं आहे," म्हणाले. मी विचारलं, मग मत देणार ना? ते म्हणाले, "मत सभेत देतात." आणि भिंतीकडे बघायला लागले. तू म्हणतेस तसेच आहेत. पण एकटे पडले तर नाही म्हणायची हिंमत करतील का? बाकी सगळे हो म्हणालेत. एकेकाला विचारलंय मी, दारोदार जाऊन. तुझं मत तर आहेच.

शुक्रवारी संध्याकाळी सभा, खाली तळघरात, युद्ध झालं तर लपायला बांधलेल्या त्या बंकरमध्ये. तिथे सॉकेट आहे, बघून आले. मावशी, तू घरी येतेयस!

फ्राउके


ओल्टन, शनिवार, २८ ऑक्टोबर

मावशी,

काय लिहू तुला?

बंकरच्या भिंतीवर पांढरी चादर लावली. काडुफबाईंची, इस्त्री केलेली. फिल्म लागली. खुर्ची खालून वर गेली, टोपली गेली, बाबागाडी गेली. सोआरेसच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष मास्तर म्हणाले, हात वर करा. एकेक हात वर गेला. ओडरमाटांचा सुद्धा गेला! मी त्यांच्याकडे बघून हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग ते उठले. कोट नीट केला. म्हणाले, "हे माझं मत झालं. आता फ्लुकिगरबाईंच्या वतीने बोलतो, त्यांनी मला नेमलंय. त्यांचं मत: नको."

मग काडुफबाई म्हणाल्या, "अहो, मग आम्ही हात कशाला वर केले?" मास्तर म्हणाले, ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच नको असेल तर विषय संपला. आणि पुढचा विषय सुरू झाला, छताच्या पन्हळीचा. मी लॅपटॉप बंद केला आणि वर आले. तिसरा मजला मला आयुष्यात इतका उंच लागला नव्हता.

मला आधी वाटलं, ते खोटं बोलतायत. जुना राग काढतायत. खाली जाऊन दार ठोठावलं. त्यांनी आत बसवलं, चहा दिला, म्हणाले की ते दोनदा तुला भेटून गेले. तू त्यांना बोलावलंस. दोनदा! आणि मला तू गवत, दव आणि डास मारायची डबी लिहितेस!

मी तुझ्यासाठी तीन आठवडे इथे ठाण मांडून बसले. दुसऱ्याची दुलई ओली ठेवली. ज्यांच्याशी तू नऊ वर्षं बोलली नाहीस त्यांच्या तोंडून मला ऐकावं लागलं. इतकी परकी आहे का मी? मला का नाही सांगितलंस?

फ्राउके


पुनर्वसन केंद्र, सोमवार, ३० ऑक्टोबर

फ्राउके, माझ्या बाळा,

राग धर. तुला तो हक्क आहे. पण ओडरमाटांवर नको. त्यांना मी बोलावलं, कारण "नाही" म्हणायला त्यांच्याइतका लायक माणूस त्या इमारतीत नाही. आवाज कापत नाही, डोळे ओले होत नाहीत, कोणाला बरं वाटावं म्हणून ते काही म्हणत नाहीत. मला दुसरा कोण मिळणार होता? पहिल्यांदा ते आले, समोर बसले, आणि म्हणाले, धागे त्यांचेच होते. मी म्हटलं, मला माहीत होतं. मग आम्ही चेस्टनटच्या गोड शेवया खाल्ल्या. तुझ्या अॅडॅप्टरची चहाडी त्यांनीच केली, आणि हसत होते. ओडरमाट हसतात, हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

आता माझं ऐक. मला त्या घरात परत यायचं नाही.

तुझे काका गेल्यापासून मी तिथे एकटी. कान गेले तेव्हापासून तर कोणी घंटी वाजवली तरी मला कळत नाही. लोक वाजवतात, थांबतात, निघून जातात. मग वाजवायचं सोडतात. चूक कोणाचीच नाही. खुर्ची मला वर नेऊन सोडेल, खरं आहे. आणि वर कोण आहे गं? स्वयंपाकघर, खिडकी, आणि मी. इथे आले तेव्हा पहिल्याच जेवणाला एका अनोळखी बाईने माझ्याकडे तोंड वळवून सावकाश विचारलं, मीठ हवंय का? मी रडले. दोनातेल्लाला वाटलं, सूप तिखट आहे.

केंद्राच्या शेजारी म्हाताऱ्या माणसांची लहान घरं आहेत. दोन खोल्या, दार गवतावर. दोनातेल्ला तिथेच राहायला जातेय. तिच्या शेजारचं घर मी घेतलंय. सही केली. ज्याला तू वृद्धाश्रम म्हणतेस ते हेच, आणि मी तिथे ओढून नेलेली नाही, माझी मी चालत गेले. काठी घेऊन.

तुला का सांगितलं नाही? लिहायला बसायची. मग तुझं पत्र यायचं, त्यात तू त्या भस्म्याला घेऊन सगळं गाव पालथं घातलेलं, आणि इतक्या आनंदात, की माझा हातच धजायचा नाही. मी अॅडॅप्टरबद्दलच विचारत राहिले. ते मला खरंच जाणून घ्यायचं होतं, पण त्याच्याआड लपायलाही सोपं होतं. तू घराघरांतून प्रत्येकाला विचारत फिरलीस, हो की नाही. मला एकदाही विचारलं नाहीस. "तुझं मत तर आहेच." ते वाचलं आणि ओडरमाटांना दुसऱ्यांदा बोलावून घेतलं.

ओरडत नाहीये मी. तू का विचारलं नाहीस ते मला ठाऊक आहे. तुझी आई गेली, तिचं ब्रेमेनचं घर विकलं, तुझा तो योहान्न निघून गेला, आणि तुला न सांगता येऊन धडकता येईल असं जगात एकच दार राहिलं. ते बंद होणार म्हणून तू घाबरलीस. मी सुद्धा घाबरले असते.

म्हणून आता मी तुला विचारते. तुझं काम तू कुठेही बसून करू शकतेस, तूच सांगतेस नेहमी. काडुफबाई विचारत होत्या म्हणे, ती मुलगी पुढच्या आठवड्यात आहे का, तिला अक्रोडाचा केक शिकवायचाय. तुझे पाय धडधाकट आहेत आणि तिसरा मजला तुला काही म्हणत नाही. तर तुला राहायचंय का तिथे? मला बरं वाटेल म्हणून हो म्हणू नकोस. मला वाईट वाटेल म्हणूनही नको. राहायचं नसेल तर मी घर विकेन आणि आपण दोघी मिळून एक चांगली रड काढू.

पत्रात उत्तर देऊ नकोस. रविवारी ये, दुपारच्या गाडीने. समोर बस आणि सावकाश सांग, मला ओठ दिसले पाहिजेत.

तुझी मावशी
एर्ना